एस्टीमची पुढची नकल, घरचे विशबोन: वरचा अडॅप्टर आणि रॅक कुठे?

प्रश्न — राजवाडा_रोडस्टर

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये दोन सीटची, मागे इंजिन असलेली गाडी बांधायला घेतली आहे. पाइपची चासी, व्हीलबेस २३०० मिमी, ट्रॅक १३०० मिमी. ड्रायव्हरसकट वजन ६२० किलोच्या आसपास धरलं आहे, त्यातलं ४२ टक्के पुढच्या चाकांवर. इंजिन-गिअरबॉक्स मारुती एस्टीमची, १२९८ सीसी, तिच्या स्वतःच्या ड्राइव्हशाफ्टसकट मागे बसेल. दुसऱ्या भंगार एस्टीमच्या पुढच्या दोन्ही नकल (चाकाचा हब धरणारा आणि स्टिअरिंगने वळणारा भाग), हब, डिस्क, कॅलिपर आणि स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा) हाताशी आहेत. ते पुढच्या चाकांना वापरायचे आहेत.

बॉनेट खाली हवं असल्यामुळे मॅकफर्सन स्ट्रट (नकलला वरून धरणारा, स्प्रिंगसकट उंच शॉकर) ठेवता येत नाही. वर-खाली विशबोन (चासी आणि नकल जोडणारे ए आकाराचे आर्म) आणि तिरका कॉइलओव्हर (स्प्रिंग चढवलेला शॉकर) असा विचार आहे. प्रश्न चार:

१. स्ट्रटचे दोन बोल्ट लागतात तिथे वरचा बॉल जॉइंट बसवायचा अडॅप्टर कसा करावा?
२. खालच्या विशबोनला एस्टीमच्याच आर्मचा बॉल जॉइंट कापून वेल्ड केला तर चालेल का?
३. रॅक अॅक्सलच्या मागे येतो आणि पायांच्या जागेत घुसतो. डावी नकल उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून रॅक पुढे नेता येईल का?
४. एस्टीमची मूळ स्प्रिंग वापरता येईल का?

गाडी रस्त्यावर नोंदवायची नाही, फक्त खाजगी जागेत आणि ट्रॅकवर चालवायची आहे.

उत्तर — पिथमपूर_फिक्स्चर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याच्या उत्तरावर चासीचा पुढचा भाग ठरतो. नकल अदलाबदल करू नका. कारणं दोन.

एक: एस्टीमचा रॅक मागून ढकलणारा आहे. डावीकडे वळताना नकलचा मागचा हात (रॅककडून येणारा टाय-रॉड जिथे लागतो तो) उजवीकडे जातो, म्हणून रॅकही उजवीकडे सरकतो. तोच रॅक अॅक्सलच्या पुढे नेऊन हात पुढे केले की स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे वळतात. पिनियन (रॅक सरकवणारं दातेरी चाक) उलट बाजूने लागेल असा रॅक आणल्याशिवाय यावर इलाज नाही, आणि रॅक उलटा करून बसवला तर पिनियनचा शाफ्ट जमिनीकडे तोंड करतो.

दोन: नकलचे हात मागच्या अॅक्सलच्या मध्याकडे झुकलेले असतात, त्यामुळे वळणात आतलं चाक जास्त वळतं. बाजू बदलल्या की हात पुढे येतात, पण झुकाव आतच राहतो. मग बाहेरचं चाक जास्त वळतं आणि हळू, घट्ट वळणात पुढचे टायर घासत राहतात. हात तापवून वाकवणं किंवा नकलवर वेल्ड टाकणं हा विचारही नको. तो भाग ज्या धातूचा आणि ज्या उष्णतोपचाराचा आहे, त्याला लेथवाल्याकडच्या गॅसची आच लागली की त्याच्या ताकदीचा भरवसा उरत नाही.

म्हणजे रॅक मागेच. पेडल बॉक्स रॅकच्या मागे घ्या आणि सीट तेवढी मागे सरकवा. पायांसाठी रॅक वर-खाली करण्याचा मोह होईल, पण रॅकची उंची नकलच्या हाताने ठरलेली असते, आपल्या सोयीने नाही.

आता पहिला प्रश्न. चासीला हात लावायच्या आधी नकल सरफेस प्लेटवर किंवा जाड काचेवर, चाक आणि टायर लावून उभी करा आणि मापं घ्या: खालच्या बॉलचा मध्य जमिनीपासून किती वर, टायरच्या मध्यरेषेपासून किती आत, टाय-रॉडच्या बॉलचा मध्य कुठे, स्ट्रटच्या दोन भोकांचे मध्य कुठे. खाली हिशोबासाठी मी गोल आकडे धरले आहेत. तुमचे निघतील ते घाला. खालचा बॉल जमिनीपासून १९० मिमी वर, टायरच्या मध्यापासून ६० मिमी आत. वरचा बॉल ४२० मिमीवर, म्हणजे दोन बॉलमधलं उभं अंतर २३० मिमी.

वरचा बॉल खालच्यापेक्षा ४० मिमी आत घेतला तर किंगपिनचा, म्हणजे दोन बॉलमधून जाणाऱ्या आणि चाक जिच्याभोवती वळतं त्या रेषेचा, झुकाव सुमारे ९.९ अंश येतो. ही रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली की ती ३३ मिमी बाहेर सरकते, म्हणजे स्क्रब (ती रेषा जमिनीला टेकते तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) ६० उणे ३३, २७ मिमी. स्ट्रटच्या मूळ रेषेच्या मागे लागून वरचा बॉल फार आत नेऊ नका. एक तर वळताना चाकाचा कॅम्बर (समोरून बघताना उभ्यापासूनचा कल) नको तिकडे जातो, दुसरं म्हणजे वरचा विशबोन आखूड होतो. आणि फार बाहेर आणला तर टायर लागतो: १७५ रुंदीचा टायर मध्यापासून ८८ मिमीपर्यंत फुगलेला असतो, आणि आपला बॉल मध्यापासून १०० मिमीवर आहे. बॉल जॉइंटच्या घराची त्रिज्या २० मिमी धरली तर ते घर टायरच्या फुगवट्याच्या वर्तुळात येतं. ते रिमच्या कडेजवळ, टायर अजून पुरता फुगलेला नसतो तिथेच राहिलं तरच जागा मिळते. म्हणून अडॅप्टरचा पहिला नमुना १२ मिमी प्लायवूडचा करून, टायर लावून, दोन्ही टोकांच्या लॉकपर्यंत वळवून बघा. सगळीकडे किमान ८ मिमी फट राहिली पाहिजे.

कॅस्टरसाठी (बाजूने बघताना किंगपिनच्या रेषेचा मागे कल) वरचा बॉल खालच्याच्या मागे घ्या: ६ अंशाला २४ मिमी, ५ अंशाला २० मिमी. हलक्या गाडीत कॅस्टर कमी पडला तर वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. घरी बांधलेल्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार आहे. मी ६ अंश घेईन. हा मागे सरकण्याचा भाग विशबोनमध्ये घ्या, अडॅप्टरमध्ये नाही. मग डावा-उजवा अडॅप्टर एकाच मापाचा राहतो आणि नकल जराशी मागे कलून बसते. कलल्यावर टाय-रॉडच्या हाताची उंची बदलते, ती पुन्हा मोजा.

अडॅप्टर स्वतः: नकलची जीभ दोन कानांमध्ये धरणारा यू आकाराचा ठोकळा, ईएन-८ पोलादातून मिलिंग करून काढलेला. लोहामंडीत कापलेली पट्टी मिळते, पण गंज आणि स्केल गेल्यावर माप कमी भरतं, म्हणून ५ मिमी जास्तीची घ्या. कान ८ मिमीपेक्षा पातळ नकोत. स्ट्रटच्या बोल्टना मूळ भोकात थोडा खेळ असतो. दोन बोल्ट एकमेकांपासून ५० मिमीवर असतील आणि खेळ ०.३ मिमी असेल तर कॅम्बर एक तृतीयांश अंशाने हलतो, तोही ब्रेक मारताना. म्हणून अडॅप्टरची भोकं ड्रिलने थेट न पाडता अर्धा मिमी कमी ठेवा आणि बोल्टच्या मापाच्या रीमरने पूर्ण करा. बोल्टचा आट्याविना गुळगुळीत भाग दोन्ही कानांत पूर्ण यायला हवा. आटे कानात आले की बोल्ट तिथेच झिजतो.

वरचा बॉल जॉइंट म्हणून बाहेरून आटे असलेला टाय-रॉड एंड वापरणं सोयीचं, कारण आट्यांनी कॅम्बर बसवता येतो. आटे एम१६ × १.५ असतील तर एका फेऱ्याला १.५ मिमी, म्हणजे सुमारे ०.३७ अंश. जॉइंटचा टेपर स्टड वरून खाली अडॅप्टरमध्ये, खाली कॅसल नट आणि स्प्लिट पिन. टेपर एकास आठ आणि एकास दहा असे दोन्ही बाजारात सर्रास मिळतात. डोळ्याला सारखेच दिसतात, पण चुकीच्या टेपरमध्ये स्टड फक्त एका कडेवर टेकतो, नट घट्ट लागतो आणि काही दिवसांनी स्टड मानेत तुटतो. लेथवाल्याला नुसतं माप सांगू नका, जॉइंटच हातात द्या. भोकात निळा रंग लावून स्टड बसवून बघा. चार पंचमांश पृष्ठभागावर ठसा उमटेपर्यंत पुढे जाऊ नका.

उत्तर — सांवेर_रोड_टीआयजी

वरच्यांनी वरचा अडॅप्टर सविस्तर सांगितला, पण खरा भार खालच्या बॉलवर आहे. हिशोब बघा. १ जी ने (गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराने वेग कमी होईल असा) ब्रेक मारला, गुरुत्वमध्य ४५० मिमी उंच धरला, तर पुढे १२१ किलो वजन सरकतं. पुढच्या एका चाकावर १९० किलो येतं आणि रस्ता चाकाला तेवढ्याच ताकदीने मागे ओढतो. ब्रेक नकलवर असल्यामुळे वरचा बॉल त्या ताकदीच्या १९०/२३० पटीने, म्हणजे १५७ किलोने पुढे ढकलला जातो, आणि खालचा ३४७ किलोने मागे. खड्डा आणि ब्रेक एकत्र आले तर याच्या दुपटीचा विचार करा. म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर साफ नाही.

बॉल जॉइंटच्या घराला वेल्डची आच लागली की आतली प्लास्टिकची सीट वितळते आणि ग्रीस जळतं. बाहेरून जॉइंट ठीक दिसतो, हाताला घट्टही लागतो, आणि नंतर मोकळा होतो. ओल्या फडक्याने गुंडाळून टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारले तरी आत काय झालं ते कळत नाही. खालच्या जॉइंटसाठी धोका घेण्यात अर्थ नाही.

करायचं असं. वेगळा मिळणारा, प्रेस-फिट किंवा बोल्टने लागणारा बॉल जॉइंट शोधा, ज्याचा सरळ स्टड एस्टीमच्या नकलच्या भोकात जराही खेळ न ठेवता बसतो आणि ज्याची खाच पिंच बोल्टच्या (नकलमध्ये स्टड आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) बरोबर समोर येते. सियागंजच्या बाजारात किंवा स्पेअर्सवाल्याकडे जाताना नकल बरोबर घेऊन जा. स्टड अर्धा मिमी बारीक असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून भरायची नाही. खाच जुळत नसेल तर पिंच बोल्ट खाचेत न शिरता नुसता चिमटा धरतो आणि एका झटक्यात स्टड बाहेर येतो. हे दोन्ही नियम मोडून चालत नाहीत.

प्रेस-फिट जॉइंटसाठी ईएन-८ ची रिंग आधी एक मिमी कमी बोअर करून विशबोनला वेल्ड करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग विशबोन लेथच्या फेसप्लेटवर धरून शेवटचा बोअर काढा. आधी पूर्ण बोअर केलेली रिंग वेल्डनंतर अंडाकृती होते. जॉइंटसाठी सर्कलिपची खाच ठेवा.

पाइप: खालच्या विशबोनला २८ × ३ सीमलेस, वरच्याला २५ × २ पुरे. खालचा जाड का? कॉइलओव्हर त्याच्यावर टेकणार आहे. विशबोन ३४० मिमी लांब, स्प्रिंगची जागा आतल्या पिव्हटपासून २३८ मिमीवर, आणि खड्ड्यात तिप्पट भार धरला तर दोन्ही पायांत मिळून ३०० न्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट येतो. २५ × २.५ पाइपमध्ये तो १६५ मेगापास्कल ताण देतो, २८ × ३ मध्ये ११२. साधं पोलाद एकदा १६५ सहज सोसेल, पण वेल्डच्या कडेला, हजारो खड्ड्यांनंतर, मला ११२ च हवा. स्प्रिंगचा ब्रॅकेट एका पायावर कधीच नको; दोन पायांना जोडणारी आडवी नळी टाका आणि ब्रॅकेट तिच्या मध्यावर घ्या, पायांच्या जवळून तिला गसेट (तिकोनी आधारपट्टी) द्या.

जिगसाठी (वेल्ड करताना भाग जागेवर धरणाऱ्या साच्यासाठी) १० मिमीची प्लेट लागते. बुशच्या नळ्यांतून एकच सरळ दांडा आरपार घाला, मग टॅक, मग आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड. दांडा काढल्यावर नळी आवळली असेल तर रीमर फिरवा, हातोड्याने बुश ठोकू नका. मिग असेल तर ०.८ तार. रिळाला गंज आलेला असेल तर ते रीळ इथे वापरू नका, गेटसाठी ठेवा.

आणि खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला रॉड एंड (आट्यांच्या दांड्यावरचा बॉल जॉइंट) लावू नये. आट्यांचा दांडा ओढ आणि दाब सोसतो, वाकवण्यासाठी तो बनलेला नाही. आतल्या पिव्हटला चालतील, पण रबरी किंवा पॉलीयुरेथेन बुश धूळ-चिखलात जास्त टिकतात.

राजवाडा_रोडस्टर

खूप उपयोगी माहिती, दोघांचे आभार. नकल जागच्या जागी आणि रॅक मागे, हे पक्कं केलं. रॅकच्या आतल्या दोन बॉलमधलं अंतर मोजलं तर ६०० मिमी भरतंय. माझ्या ड्रॉइंगमध्ये तिथे ५२० बसतं. रॅक आणि त्याचं हाउसिंग कापून आखूड करून घेऊ का? लेथवाले करून देतो म्हणतात.

उत्तर — पिथमपूर_फिक्स्चर

रॅक कापू नका. कापलेला, पुन्हा जोडलेला दांडा स्टिअरिंगमध्ये नको, आणि त्याची गरजही नाही. चासी अजून कागदावर आहे, तर कागदावरचं माप बदला.

५२० कसं आलं ते बघा. खालच्या विशबोनचे आतले पिव्हट मध्यरेषेपासून २५० मिमीवर, वरचे ३०० वर, टाय-रॉड खालच्या बॉलपेक्षा ४० मिमी उंच. टाय-रॉडचा आतला बॉल या दोन पिव्हटना जोडणाऱ्या रेषेवर आला की एका बाजूला २६० मिमी, दोन्ही बाजू मिळून ५२०. रॅक ६०० असेल तर दोन्ही विशबोनचे आतले पिव्हट एका बाजूला ४० मिमी बाहेर न्या. खालचा विशबोन ३४० चा ३०० होईल, वरचा २५० चा २१०. बाकी भूमिती जवळजवळ तशीच राहते. फक्त चाक खूप वर-खाली गेल्यावर कॅम्बर जरा जास्त वेगाने बदलेल. एवढ्या हलक्या गाडीत ते सहज चालतं. स्प्रिंगची जागाही त्याच प्रमाणात आत घ्या, म्हणजे आतल्या पिव्हटपासून २१० मिमीवर.

टाय-रॉडचा बाहेरचा बॉल दोन बॉल जॉइंटच्या रेषेवर नसून आत किंवा बाहेर असेल, तर लांबीही त्या प्रमाणात बदलते. एकच गोष्ट लक्षात ठेवा: समोरून बघितल्यावर टाय-रॉडची रेषा, वरच्या आणि खालच्या विशबोनच्या रेषा जिथे मिळतात त्याच बिंदूकडे गेली पाहिजे. खालचा विशबोन आडवा आणि वरचा आतल्या बाजूला ५ अंश खाली उतरता ठेवला तर तो बिंदू टायरच्या मध्यापासून सुमारे २.७ मीटर आत येतो. रोल सेंटर (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) जमिनीपासून ४५ मिमी, आणि चाक २५ मिमी वर गेलं की कॅम्बर अर्ध्या अंशाने उणा होतो. या गाडीला हे छान बसेल.

रॅकचे ब्रॅकेट आधी वेल्ड करू नका. टॅकवर ठेवा, स्प्रिंग काढून ठेवा, हबला सरळ प्लेट लावा आणि तिच्या पुढच्या-मागच्या टोकांना दोन डायल गेज. जॅकने चाक १० मिमीच्या पायऱ्यांनी ५० मिमी वर, ५० मिमी खाली न्या आणि प्रत्येक पायरीला टो (वरून बघताना चाक आत-बाहेर किती वळलं ते) लिहून ठेवा. चाक वर जाताना टो एकीकडे आणि खाली जाताना दुसरीकडे जात असेल तर रॅकची उंची चुकली आहे. वर आणि खाली दोन्हीकडे जाताना एकाच दिशेने बदलत असेल तर टाय-रॉडची लांबी. पहिल्याला रॅकखाली पॅकिंग टाका किंवा काढा, एक-एक मिमी. दुसऱ्याला आतले पिव्हट हलवावे लागतात, म्हणूनच चासीचे ब्रॅकेटही तोवर टॅकवरच. पहिल्या २५ मिमीत अर्ध्या मिमीच्या आत आलं की पक्कं वेल्ड करा.

उत्तर — सांवेर_रोड_टीआयजी

चौथा प्रश्न राहिला. मूळ स्प्रिंग चालणार नाही. मॅकफर्सनमध्ये चाक जेवढं हलतं जवळजवळ तेवढीच स्प्रिंग दबते. तुमच्याकडे स्प्रिंग विशबोनच्या ०.७ लांबीवर आणि उभ्यापासून ३० अंश कललेली, म्हणजे चाकाच्या ०.६ पट. कडकपणा या आकड्याच्या वर्गाने कमी होतो: स्प्रिंगचा फक्त ३७ टक्के चाकापर्यंत पोचतो. मूळ स्प्रिंग लावली तर गाडी बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) बसूनच राहील.

पुढच्या एका चाकावर १३० किलो, त्यातून नकल, डिस्क, कॅलिपर, चाक यांचे २८-३० वजा केले की १०० किलो. गाडीचा स्प्रिंगवर डोलण्याचा वेग १.८ हर्ट्झ हवा असेल तर चाकाजवळ १२.८ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे स्प्रिंग ३५ ची. उभ्या गाडीत ती ४६ मिमी दबेल. कॉइलओव्हरला त्याच्या पुढे किमान ४० मिमी जागा ठेवा. बाइकचे मागचे शॉकर स्वस्त मिळतात, पण त्यांचं डॅम्पिंग बाइकच्या वजनाला आणि बाइकच्या स्प्रिंगला जुळवलेलं असतं. ३५ ची स्प्रिंग त्यांना झेपत नाही आणि गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते.

मारुती ८०० च्या नकल स्वस्तात मिळतात म्हणून कोणी तिकडे वळत असेल तर: तिच्यात अँटीरोल बारच (दोन्ही बाजू जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) खालच्या आर्मला पुढे-मागे धरतो. तो आर्म एकटा उचलून वापरता येत नाही, पूर्ण ए आकाराचा विशबोन करावाच लागतो.

उत्तर — हब_बेअरिंग

एक गोष्ट कोणी बोललं नाही आणि ती सगळ्यात आधी करायची आहे. एस्टीमचा पुढचा हब ड्राइव्हशाफ्टसाठी बनलेला आहे. हब आणि बेअरिंग एकमेकांवर दाबून धरण्याचं काम बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (ड्राइव्हशाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा) दांडा आणि त्याचा मोठा नट करतात. पुढे ड्राइव्हशाफ्ट नाही म्हणून भोक रिकामं ठेवून हब लावला तर गाडी ढकलताना चाक ठीक फिरेल, पण बेअरिंगचे आतले भाग वेगळे होऊ लागतील आणि वळणात हब बाहेर सरकेल.

दोन मार्ग आहेत. पहिला: खराब झालेल्या ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा जॉइंट घ्या, गोळ्या आणि पिंजरा काढा, ग्रीस धुवा, आणि घंटेसारखा भाग खांद्यापासून १५ मिमी ठेवून कटिंग डिस्कने कापा. भाग कडक केलेला असतो, हॅकसॉ चालत नाही. कापताना पाण्याने थंड ठेवा, निळा पडू देऊ नका. बेअरिंगवर टेकणारा खांदा अखंड राहिला पाहिजे. दुसरा: ईएन-२४ पोलादाचा दांडा, त्याच मापाच्या खांद्यासह आणि त्याच आट्यांसह टर्न करून घ्या. स्प्लाइन लागत नाहीत, कारण फिरवायचं काहीच नाही, फक्त दाब धरायचा आहे. नट एस्टीमच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला, टॉर्क रेंचनेच आवळा, आणि त्याची कड खाचेत ठोकून बसवा. नट दरवेळी नवा. कापलेल्या तोंडातून पाणी आणि धूळ बेअरिंगच्या सीलवर येते. त्यावर पत्र्याची टोपी दाबून बसवा.

नोंदणीबद्दल: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. ज्या दोन एस्टीमचे भाग काढले त्यांची कागदपत्रं या गाडीला लावण्याचा विचार कोणी सुचवला तर तो ऐकू नका. ट्रॅकवर न्यायची असेल तर ट्रेलरवरून.

शेवटी, सगळं जुळल्यावर रबरी बुश वापरले असतील तर विशबोनचे बोल्ट चाकं लटकत असताना घट्ट करायचे नाहीत. गाडी जमिनीवर, ड्रायव्हरच्या वजनाची वाळूची पोती सीटवर, दोनदा पुढून दाबून सोडा, मग आवळा. नाहीतर रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं, गाडी एक-दीड सेंटीमीटर उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. एम१२ बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट, ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी ३ मिमीचे. पहिल्या थोड्या फेऱ्यांनंतर खालच्या बॉलचा पिंच बोल्ट, अडॅप्टरचे दोन बोल्ट आणि हबचा नट पुन्हा तपासा, बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवली तर हललेला लगेच दिसतो.